पाटीला हात लाव गं!

कोळणीच्या तोंडाबद्दल महाराष्ट्राने आजवर भरपूर बोलून घेतलं आहे. घासाघीस करायला गेलेला आणि दहा रुपयेही कमी न करवता परतलेला गृहस्थ घरात पाऊल टाकताच सांगतो, "काय तोंड आहे हो त्या बाईचं!" सिनेमांनी या तोंडाची कीर्ती वाढवली आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांनी तिला टोपलीसकट कंबर हलवायला लावली. त्या टोपलीत पुठ्ठ्याचा मासा असतो. खऱ्या पाटीत बर्फ धरून वीस-पंचवीस किलोंचा ऐवज असतो, आणि तो डोक्यावर असताना नाचायला कुणालाही सुचत नाही.

तिच्या तोंडाच्या गाजावाजात तिचे दंड मात्र कुणाच्या नजरेत भरले नाहीत.

ते पाहायचे तर पहाटे कुलाब्याच्या ससून डॉकला जावं. १८७५ सालचा हा डॉक. शहर झोपलेलं असताना इथे लिलाव रंगात आलेला असतो, पायाखाली खारट चिखल, आणि त्यातून वाट काढणाऱ्या माणसाला मागून आवाज येतो, "बाजू, बाजू!" बाजूला न होणारा माणूस पुढच्या क्षणी आपोआप बाजूला झालेला असतो. अशा वेळी ही बाई लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून, गळ्यात सोनं आणि अंबाड्यात वेणी घालून उभी असते. इतक्या गर्दीत अंगावर एवढं सोनं घालायला भीती कशी वाटत नाही, असं एखादा पाहुणा विचारतो. ज्याने तिला एका हाताने बर्फाची लादी ओढताना पाहिलं आहे, तो विचारत नाही.

माल घेतला की डोक्यावर चुंबळ बसते आणि हाळी येते, "पाटीला हात लाव गं!" शेजारी असेल तिने हात लावायचा, हा दंडक. काल गिऱ्हाईक पळवण्यावरून दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्या असल्या तरी हात लागतो. पाटी एकदा चढली की भांडण उरलेलं असेल तिथून पुढे चालू होतं, कारण भांडायला तोंड लागतं आणि ते मोकळंच असतं.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला वेटलिफ्टर मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये ८७, क्लीन अँड जर्कमध्ये ११५, एकूण २०२ किलो. देश आनंदाने वेडा झाला आणि ते योग्यच होतं. पण त्या खेळात एक सोय असते: वजन डोक्यावर स्थिर झालं की पंच ते खाली ठेवायची खूण करतात. ससून डॉकवरून निघालेल्या बाईला असा पंच थेट चर्चगेटपर्यंत भेटत नाही. तिथे भेटतो तो तिकीट तपासनीस. मग लगेजचा डबा, त्यात पाट्या, कॅन, पोती, आणि पोत्यावर टेकून चहा पिणाऱ्या तिच्या मैत्रिणी. शेजारच्या डब्यातले लोक नाकाला रुमाल लावतात. संध्याकाळी त्यांतलेच काही जण स्टेशनबाहेर तिच्यापुढे उभे राहून विचारतात, "मावशी, पापलेट ताजं आहे ना?"

ताकदवान बाईचं कौतुक करायला आपण तसा वेळच लावतो. कुस्तीतली पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ उजाडलं. सांगलीच्या मैदानात प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आता कोळीवाड्यातल्या नातीही जिमला जातात. नात घरी येऊन सांगते, "आजी, आज साठ किलोची डेडलिफ्ट मारली!" आजीला पहिला प्रश्न पडतो की उचललेलं पोचवलं कुठे. तिथेच परत ठेवलं हे कळल्यावर, आणि त्यासाठी महिन्याला फी भरावी लागते हे कळल्यावर, ती जिमच्या मालकाबद्दल फार आदराने बोलू लागते. एवढा धंदा जमलेला माणूस तिने पाहिलेला नसतो.

बाजारात तिच्यापुढे लाकडाचा ओंडका आणि हातात कोयता. सुरमईचा मणका एका घावात तुटतो, आणि तुकड्या अशा पडतात की काटा चुरडत नाही. घाव खांद्यातून येतो, मनगट फक्त दिशा देतं. हे पाहून भारावलेला तरुण नवरा पुढच्या रविवारी अख्खी सुरमई "मी घरीच कापतो" म्हणून घेऊन जातो. ती काही बोलत नाही. सोमवारी त्याची बायको नव्या सुरीबद्दल आणि ओट्याच्या फरशीबद्दल सांगायला येते, तेव्हा मात्र बोलते.

मुंबईतल्या निम्म्या घरांना मासळी रांधायला या ओंडक्यानेच शिकवलं असावं. कापता कापता पाककृती सुरू असते. पापलेट घेताना कल्ल्याजवळ दाबून बघ, पांढरं पाणी आलं तर घे. बोंबलात मासा कमी आणि पाणी जास्त, म्हणून उभा चिरून, पसरून, वर पाटा ठेव. पाणी निघाल्याशिवाय तव्यावर टाकलास तर त्याची खीर होईल. "पाटा नाही हो मावशी आमच्याकडे, मिक्सर आहे." यावर ती गिऱ्हाइकाकडे अशी पाहते, की पुढचा पाऊण वाटा ते भाव न करता घेऊन जातं.

तिच्या स्वतःच्या घरचं कालवण साधं असतं. खोबऱ्याची मिजास नाही. तेलात ठेचलेला लसूण ढिगाने, हळद, उन्हाळ्यात कुटून ठेवलेला कोळी मसाला, चिंचेचा कोळ, उकळी, मग तुकड्या. यानंतर टोपात डाव घालायचा नाही, हा कायदा. डाव घातला की तुकडी मोडते. टोपाचे काठ फडक्याने धरायचे आणि अख्खा टोप गोल फिरवून हिसका द्यायचा. दोन माणसांच्या टोपाला हे कुणालाही जमतं. हळदीच्या दिवशी मांडवामागे पन्नास माणसांचा टोप चुलीवर असतो तेव्हा खरी परीक्षा. रस्सा उकळतो आहे, काठ तापलेले आहेत, आणि साठीची बाई पाय फाकवून, कंबर खाली घेऊन, त्या टोपाला असा झोका देते की रस्सा फिरतो, तुकड्या फिरतात, थेंबभर बाहेर येत नाही. जिमच्या प्रशिक्षकाने हे पाहिलं तर तो आधी तिच्या पाठीचा कोन तपासेल आणि मग गप्प बसेल.

आठ मार्चला कुठलं तरी मंडळ अशा एखादीला शाल-श्रीफळ देतं. व्यासपीठावर वक्ते बोलतात स्त्रीच्या सोशिकतेबद्दल. सोशिक म्हटल्याचं तिला नवल वाटतं, कारण नवऱ्यापासून वॉर्ड ऑफिसपर्यंत कुणीही असा आरोप यापूर्वी केलेला नसतो. तिचं लक्ष घड्याळाकडे. बाजाराची वेळ बुडते आहे, त्याचे पैसे कोण देणार, हे ती शेजारच्या नगरसेविकेला हळू आवाजात विचारते. हळू म्हणजे माइकवर ऐकू येण्याइतपत.

हळदीच्या मांडवात मात्र भाषण नसतं. टोप उतरायची वेळ होते, तेव्हा नातीच्या जिममधले दोन धिप्पाड मित्र बाह्या सरसावून पुढे येतात. "काकी, आम्ही उचलतो." ती त्यांना बाजूला सारते, सुनेला हाक मारते, दोघी मिळून टोप खाली ठेवतात, आणि मुलांच्या हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा देऊन वाढायला पाठवलं जातं. सुरमईचं डोकं तेवढ्यात तिने स्वतःसाठी वाटीत काढून झाकलेलं असतं, आणि ते कुठे गेलं हे विचारायची पाहुण्यांतल्या कुणाची छाती होत नाही.