होडी आधी, राष्ट्राध्यक्ष नंतर

लंडनला निघालेल्या कुठल्याही मराठी सहलीत एक सर्वज्ञ काका असतातच. नदीकाठच्या वळणावर दोन दगडी मनोरे दिसले, की बसच्या मागच्या सीटवरून त्यांचा आवाज येतो, "तो बघा, लंडन ब्रिज!" टूर मॅनेजर मुलगा हसून सांगतो, "काका, हा टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज त्याच्या पलीकडचा." सगळे पलीकडे बघतात. तिथे एक सपाट, सरळ, काँक्रीटचा पूल असतो. पनवेलजवळ हायवेला असता तर कुणी मान वळवून बघितलं नसतं. बसमध्ये थोडी हळहळ होते आणि सगळे कॅमेरे पुन्हा मनोऱ्यांकडे वळतात.

काकांची बाजू अगदीच लंगडी नाही. त्या सपाट पुलाच्या जागी असलेला जुना लंडन ब्रिज 1968 मध्ये रॉबर्ट मॅकलॉक या अमेरिकन उद्योगपतीने 24 लाख 60 हजार डॉलरला विकत घेतला आणि थेट ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभा केला. आपण मनोऱ्यांचा पूल घेतोय असं त्याला वाटलं होतं, अशी वावडी तेव्हा उठली. त्याने ती शेवटपर्यंत नाकारली. पण वावडी इतकी गोड आहे, की लंडनकर अजून ती आनंदाने सांगतात.

टॉवर ब्रिज बघताना मुंबईकराला उगाचच बोरीबंदरची आठवण येते. तसेच कळस, तशाच टोकदार खिडक्या, आणि काळही तोच. फरक इतकाच, की इथला दगड हा नुसता अंगरखा आहे. आत 11 हजार टनांहून अधिक पोलादाचा सांगाडा आहे. शेजारी टॉवर ऑफ लंडनचा जुना किल्ला, त्याला शोभेल असाच पूल हवा, असा आग्रह होता. त्यामुळे 1894 च्या आधुनिक यंत्राला मध्ययुगीन पोशाख चढवावा लागला. पुलावरच्या दिव्याच्या खांबांमध्ये एक खांब असा आहे की त्याला दिवाच नाही. निळा रंग, नक्षी, उंची सगळं इतरांसारखं. पण ते खरं तर खालच्या जुन्या पहारेकऱ्यांच्या खोलीतल्या शेकोटीचं धुराडं आहे. वेषांतराची हौस पार धुराड्यापर्यंत पोचली होती.

हे सगळं ठरायलाच आठ वर्षं लागली. लंडनची पूर्वेकडची वस्ती फुगत होती, तिला पूल हवा होता. पण तिथेच बंदर, आणि उंच डोलकाठ्यांची जहाजं रोज ये-जा करणार. 1876 मध्ये आराखडे मागवले, 50 हून अधिक आले. लंडनची गटारं बांधून नाव कमावलेल्या बॅझलगेट यांचा आराखडा जहाजांना पुरेशी उंची नाही म्हणून बाद झाला. शेवटी 1884 मध्ये मान्य झाला तो शहराचे वास्तुविशारद होरेस जोन्स यांचा. जोन्स हे परीक्षकांपैकीही एक होते. नगरपालिकेच्या सभा पाहिलेल्या मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. बिचारे जोन्स काम सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी वारले, आणि उरलेला भार अभियंता जॉन वुल्फ बॅरी यांनी उचलला.

युक्ती मात्र बहारीची. रस्त्याचे दोन तुकडे, प्रत्येकी हजार टनांहून जड, मध्यावरून उचलले जातात आणि 86 अंशांपर्यंत उभे राहू शकतात. प्रत्येकाच्या बुडाशी शेकडो टनांचं शिसं आणि लोखंड प्रतिभार म्हणून लावलेलं आहे. रस्ता वर जातो तेव्हा ते वजन नदीच्या पातळीखालच्या प्रचंड पोकळ खोलीत झुलत उतरतं. पूर्वी हे वाफेने पाण्याला दाब देऊन चालायचं. 1970 च्या दशकात तेल आणि वीज आली.

आणि नियम असा, की पाण्यावरच्या वाहनाचा हक्क आधी. 9 मीटरहून उंच डोलकाठी असलेली कुठलीही नौका 24 तास आधी कळवून पूल उघडवू शकते. पैसे पडत नाहीत. वर्षाला असं सुमारे 800 वेळा होतं. वेळापत्रक आधी जाहीर असतं, तरी लंडनच्या निम्म्या टॅक्सीवाल्यांना प्रत्येक वेळी नव्याने धक्का बसतो. घंटा वाजते, दिवे लाल होतात, फाटक लागतं. काका खूश: "हे तर आमचं मिरजेचं रेल्वे फाटक!" फरक एवढाच, की इथे फाटकाखालून वाकून सायकल काढणारा कोणी नाही. मग रस्ताच उठून उभा राहतो, पांढरे पट्टे आकाशाकडे जातात, आणि एवढ्या खटाटोपातून खालून जाते काय, तर दोन-चार माणसांची एक शिडाची होडी. होडीतली माणसं हात हलवतात. बसमधली माणसं, राग आलेला असूनही, हात हलवतात.

हा नियम मे 1997 मध्ये अमेरिकेलाही कळला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याबरोबर नदीकाठी जेवून परत निघाले. तेवढ्यात 'ग्लॅडिस' नावाच्या जुन्या शिडाच्या गलबताची ठरलेली वेळ झाली. पूल उघडला, ताफ्याचे दोन तुकडे झाले, आणि जगातले सर्वात काटेकोर सुरक्षारक्षक एकमेकांकडे नदीपलीकडून बघत बसले. पुलावाल्यांचं म्हणणं पडलं, की आम्ही अमेरिकन वकिलातीला फोन लावला होता, पण उचलला नाही.

क्लिंटन निदान थांबले तरी. 30 डिसेंबर 1952 ला 78 नंबरच्या दोन मजली बसचा चालक अल्बर्ट गंटर याला तेवढीही सवड मिळाली नाही. बस पुलावर असतानाच रस्ता उचलला जाऊ लागला. इशारा द्यायचं कुणीतरी विसरलं होतं. समोरचा रस्ता खाली जातोय असं त्याला दिसलं. खरं तर तोच वर चालला होता. ब्रेक दाबला असता तर बस थेट थेम्समध्ये. गंटरने उलट ॲक्सिलरेटर दाबला, आणि बस प्रवाशांसकट फट ओलांडून समोरच्या, अजून न उचललेल्या भागावर सुमारे सहा फूट खाली आदळली. सगळे वाचले. गंटरला बक्षीस मिळालं 10 पौंड. एसटीच्या चालकांनी ही रक्कम ऐकून हसावं की समाधान मानावं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. 78 नंबर आजही याच पुलावरून जाते.

उडी खालून झाली, तशी वरूनही झाली. 5 एप्रिल 1968 ला ब्रिटिश हवाई दलाच्या ॲलन पोलॉक या वैमानिकाने आपलं हंटर जेट रस्ता आणि मनोऱ्यांना वरून जोडणारे पादचारी मार्ग यांच्या मधून सरळ पार नेलं. हवाई दलाला 50 वर्षं झाली तरी आकाशातून सलामीचं संचलन नाही, याचा त्याला राग आला होता. संचलन त्याने एकट्याने उरकलं. नोकरी गेली.

ते वरचे पादचारी मार्ग म्हणजे या पुलाचं फसलेलं कौतुक. पूल उघडा असताना लोकांनी जिने चढून वरून जावं, अशी कल्पना होती. लोकांनी जिने बघितले आणि खाली उभं राहून जहाज बघणं पसंत केलं. वर उरले खिसेकापू आणि त्यांच्यासारखेच. 1910 मध्ये मार्ग बंद करून टाकले. ते पुन्हा उघडले 1982 मध्ये, तिकीट लावून. फुकट होतं तेव्हा न चढलेली माणसं आता रांगेत उभी राहतात, यात काकूंना काहीच विशेष वाटत नाही.

2014 मध्ये तिथे काचेची जमीन बसवली. खाली रस्ता, आणि 42 मीटरवर नदी. काही दिवसांतच एका कर्मचाऱ्याच्या हातून बिअरची बाटली पडून वरचा थर तडकला, ही बातमी टूर मॅनेजर नेमकी काचेवर पाय ठेवायच्या आधी सांगतो. काका कडेच्या पोलादावरून चालतात. त्यांना म्हणे कडेचं बांधकाम नीट बघायचंय. काकू पदर खोचून काचेच्या मधोमध बसकण मारतात आणि खालून सरकणाऱ्या लाल बसच्या टपाकडे बोट दाखवून विचारतात, "आता हे उघडणार कधी?"

वेळापत्रक बघितलं जातं. पुढची होडी संध्याकाळी पावणेसातला. सहलीच्या कार्यक्रमात साडेसहाला भारतीय जेवण लिहिलेलं, त्यात वरणभात नक्की. टूर मॅनेजर हात वर करायला सांगतो. होडीच्या बाजूने एकटे काका. बाकी सगळी बस वरणभाताकडे.