श्टुटगार्टची म्हैस

श्टुटगार्ट, ऑक्टोबरअखेर

प्रिय आईस,


अण्णांना आधी एक बातमी दे, पण खाली बसवून दे. इथे माती विकत मिळते. पाकिटात, ओल उडू नये म्हणून सीलबंद, सातबाऱ्याशिवाय. ज्यांनी अंबडच्या काळ्या रानात हयात घालवली, त्यांचा जावई पैसे मोजून किलोभर माती घरी घेऊन आला.

माती आणली ती प्राणी करायला. चिमीच्या बालवाडीतून चिठ्ठी आली होती: घरी मुलांबरोबर साधेसे प्राणी करा. तुझ्या जावयांनी ते कंपनीचं काम असल्यासारखं अंगावर घेतलं. हत्तीचे चारही पाय व्हर्निअरने मोजून सारखे केले. चिमीनं तो हत्ती उचलला, दोन्ही तळव्यांत धरून रगडला, त्याची लांबडी वळकटी केली आणि जाहीर केलं, "अण्णांची म्हैस!" जावईबापू बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

तेव्हापासून घरात जे घडतं ते म्हैसच. कागदी ताटलीचा सिंह केला, आयाळीसकट म्हैस. फाटक्या मोज्याचा साप, तोही म्हैस. पाय मोजते "एक, दोन, चार", आणि चार आले म्हणजे हिशोब बरोबर, असं तिचं मत.

बालवाडीत बसून करायच्या मेंढीसाठी कापूस मात्र औषधांच्या दुकानातून आणला. छोटे छोटे गोळे, देखणी पिशवी. तुमच्याकडे आत्ता वेचणी चालू असेल, घरात पाय ठेवायला जागा नसेल, आणि मी इथे कापूस मोजून वापरतेय! चिमीनं सगळे गोळे एकाच जागी, मेंढीच्या नाकावर चिकटवले. मी ते सरकवायला गेले, तर बालवाडीच्या बाई म्हणाल्या, मेंढीकडे बघू नका, बोटांकडे बघा. अंगठा आणि तर्जनीत गोळा धरायचा, डिंकाच्या ठिपक्यापर्यंत न्यायचा आणि तिथे सोडायचा. या वयात धरण्यापेक्षा सोडणं अवघड. पुढे पेन्सिल याच चिमटीत येते. कागद फाडणंही तसंच, एक हात पुढे, एक मागे. ते जमलं की मग कात्री. मला आपली बोंडातून कापूस ओढणारी तुझी बोटं आठवली. जालन्याच्या निम्म्या बायका या चिमटीत पीएच.डी. आहेत.

तू अंगणवाडीची सेविका, तुला मी काय शिकवणार? वजनं, हजेरी, खिचडी आणि पोषण ट्रॅकर सांभाळून तू लेकरांकडून पिंपळाच्या पानाचा उंदीर करून घेतेस. इथल्या लोकांना वाटतं हे सगळं त्यांच्या फ्रोबेलचं. १८३७ साली त्यानं जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली. मातीकाम, कागदाच्या घड्या, विणकाम असं सगळं त्यात होतं. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडला नेली आणि पानं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं केली. बाईंनी दोन्ही नावं लिहून घेतली. मी घरी येईपर्यंत ताठ मानेनं चालले.

पण आपल्याकडे सगळं होतंच, असं काही मी म्हणणार नाही. आमच्या वाट्याला आली ती हाताची घडी, तोंडावर बोट. पोळ्याला मातीचे बैल करायचे आजोबा. आम्हाला उरलेला गोळा, आणि आमचे बैल पाटावर नाहीत, पाटाखाली. तरी त्या पाटाखालच्या बैलांनी आम्हाला बरंच शिकवलं. काळी माती वाळताना आकसते, भेगाळते. सकाळी केलेले बैल दिवेलागणीपर्यंत लंगडे व्हायचे, मग पाण्याचं बोट लावून पाय पुन्हा जोडायचा. ही पाकिटातली माती इमानदार आहे, कशी का वळा, फारशी तडकत नाही. लेकराला दुरुस्तीचं काही कामच उरत नाही. माझ्या मते पैसे वाया.

सध्या रस्त्यावर रानटी चेस्टनटचा सडा पडलाय. त्यांना काड्या टोचून घोडे, साळिंदर करायची इथली रीत. भोकं जावई पाडतात, काड्या चिमी खोचते, आणि मी शेजारी राखण करते, कारण ही फळं खायची नसतात आणि चिमीला ते मान्य नाही. त्यावरून आठवलं, दिवाळीच्या पार्सलात खेळायला चिंचोके पाठवू नकोस. तीन वर्षांची होईपर्यंत घशात अडकेल असं काही हाती द्यायचं नाही. चकल्या मात्र पाठव, त्या माझ्या घशात अडकत नाहीत.

११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनची मिरवणूक आहे. लेकरं अंधार पडल्यावर स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन गात निघतात. बहुतेकांचे कोल्हे आणि साळिंदर. आमच्या कंदिलाला दोन शिंगं हवीत असा हुकूम झालाय.

तर अण्णांना म्हणावं, मातीची म्हैस करतानाचा व्हिडिओ पाठवा. मोबाइल तू धर. मागच्या खेपेला त्यांनी धरला तेव्हा आम्हाला शेवटपर्यंत कपाळ आणि पंखा दिसला. तोंड नको, हात दिसू देत. आणि शिंगं कशी वळवायची तेवढं सावकाश दाखवायला सांग; जावयांनी केलेली शिंगं चिमीनं दोनदा नापास केली आहेत.

तुझी,
लेक