वारा फिरला

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर डॉर्चेस्टर नावाची काउंटी आहे. तिथे ज्याच्याकडे बोट आहे त्याला कॅप्टन म्हणतात, आणि ज्याच्याकडे कधी काळी बोट होती त्यालाही कॅप्टनच म्हणतात. गावाने एकदा भाऊसाहेब म्हटलेला तलाठी निवृत्तीनंतरही भाऊसाहेबच राहतो, तसंच हे. हा कॅप्टन उन्हाळ्यात चेसापीकच्या उपसागरात खेकडे धरतो, थंडीत कालवं काढतो, नाहीतर बदकांच्या शिकारीला माणसं नेतो. मधल्या काळात, म्हणजे पानं रंग बदलतात त्या दिवसांत, तो शहरी लोकांना शिकारीसाठी दलदलीत नेऊन हरणं दाखवतो. दाखवतो म्हणणं जरा जास्त झालं. हरणं येतील अशी जागा दाखवतो. यायचं की नाही हा हरणाचा खासगी प्रश्न आहे.

हरणही साधंसुधं नाही. सिका हे मूळचं जपानकडचं. 1916 मध्ये क्लेमेंट हेन्री नावाच्या गृहस्थाने मूठभर सिका जेम्स बेटावर आणून सोडले. सिका उत्तम पोहतो. त्या मंडळींनी बेटाचा अंदाज घेतला, जागा काही फार दिवस टिकणारी नाही हे ओळखलं आणि पोहत पोहत मुख्य भूमी गाठली. पुढे त्यांचा अंदाज खरा ठरला. आज ते बेट लाटांनी बहुतेक गिळलंय आणि हरणांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती डॉर्चेस्टरच्या दलदलीत नांदते आहे. नराचं वजन साधारण चाळीस किलो. अमेरिकेतल्या नेहमीच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणापुढे हा अगदीच किरकोळ, पण अंगावरचे ठिपके मोठेपणीही जात नाहीत, आपल्या चितळासारखे.

ठिपक्यांच्या हरणामागे गेल्यावर काय होतं हे आपल्याला लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं. पंचवटीत रामाने वाटाड्या घेतला असता, तर ‘महाराज, आज वारा दक्षिणेचा आहे, लक्षण बरं नाही, उद्या बघू’ एवढं ऐकून तो परत फिरला असता आणि सगळं अरण्यकांडातच आटोपलं असतं.

कॅप्टनच्या धंद्याचं मर्म नेमकं हेच आहे. दोन-तीन दिवसांच्या सहलीला, राहणं-जेवणं धरून, गिऱ्हाईक दोन-तीन हजार डॉलर मोजतं. त्या पैशात हरणाची हमी नसते, आणि तसं कागदावर स्वच्छ लिहिलेलं असतं. मग मिळतं काय? हरण का मिळालं नाही याचं पटण्यासारखं कारण. एरवी हे कारण माणसाला स्वतः शोधावं लागतं, आणि स्वतः शोधलेलं कारण बायकोला कधीच पटत नाही. कॅप्टनचं कारण व्यावसायिक असतं.

वारा फिरला, हे पहिलं आणि सर्वात टिकाऊ. त्यानंतर भरती. मग चंद्र: पौर्णिमेच्या आसपास हरणं रात्री चरतात आणि दिवसा ढिम्म हलत नाहीत. मग उकाडा. मग शेजाऱ्याने काल मका कापला. मग शेजाऱ्याने काल मका कापला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हा थापा मारतोय. गंमत अशी की यातली बहुतेक कारणं खोटी नसतात. सिका नाकाने जगणारा प्राणी आहे. सायंकाळी उपसागरावरून येणारं वारं जरा वळलं की माणसाचा वास त्याला कळतो, आणि तो उभ्या बोरूसारख्या गवतात असा विरघळतो की इथले शिकारी त्याला दलदलीतलं भूत म्हणतात. फ्रॅगमायटीस नावाचं हे गवत डोक्यापेक्षा उंच असतं आणि त्यात पाच पावलांवरची म्हैससुद्धा दिसणार नाही. कॅप्टन खरंच बोलतो. फक्त कोणतं खरं कधी बोलायचं हे त्याला ठाऊक असतं.

वारा बघायची त्याची रीत देखणी आहे. दुकानात त्यासाठी पावडरीच्या बाटल्या मिळतात. कॅप्टनच्या खिशात मात्र मिल्कवीडच्या बोंडातली म्हातारी असते. ही आपल्या रुईच्या भाऊबंदांतलीच वनस्पती. पहाटेच्या अंधारात पिकअपला टेकून तो एक म्हातारी सोडतो, विजेरीच्या उजेडात ती कुठे जाते ते बघतो, मग दुसरी सोडतो. चार सुशिक्षित माणसं, त्यातला एक वकील, एक दातांचा डॉक्टर, श्वास रोखून त्या कापसाकडे बघत उभी असतात. पुण्यातल्या कुठल्याही ज्योतिषाला एवढं लक्ष देणारं गिऱ्हाईक मिळालेलं नाही.

हे गिऱ्हाईक येतं वॉशिंग्टनहून, बाल्टिमोरहून, फिलाडेल्फियाहून. येताना त्याने कपडे बिनवासाच्या साबणाने धुतलेले असतात, कोळशाच्या अस्तराचं जाकीट हवाबंद पिशवीत ठेवलेलं असतं, बुटांवर वासनाशक फवारा मारलेला असतो. मग वाटेत पेट्रोल पंपावर थांबून ते डुकराच्या मांसाचं आणि अंड्याचं सँडविच खातं आणि हात पँटला पुसतं. कॅप्टन हे सगळं बघतो आणि ‘फार छान तयारी’ म्हणतो. त्याच्या स्वतःच्या अंगाला डिझेलचा आणि खेकड्यांच्या आमिषाचा वास असतो. त्याचं म्हणणं, इथल्या हरणांना तो वास जन्मापासून माहीत आहे, ती त्याला दलदलीचाच भाग समजतात. या सिद्धांताला शास्त्रीय आधार नसावा. पण कॅप्टनला हरणं दिसतात आणि जाकीटवाल्याला दिसत नाहीत, एवढं खरं.

जाकिटाची शोकांतिका इथे संपत नाही. गवताच्या, काटक्यांच्या, चिखलाच्या हुबेहूब छटांचा तो महागडा पोशाख घालून झाला, की बंदुकीच्या मोसमात कायद्याने वरून भडक रंगाची, बहुतेकदा केशरी, बंडी नाहीतर टोपी घालावी लागते. लांबून बघितलं तर दलदलीत कुणी आखाड्यातला महंत शिरल्यासारखं दिसतं. हरणाला हा रंग आपल्यासारखा दिसत नाही. माणसाला दिसतो. म्हणजे बंडी हरणासाठी नाहीच, ती दुसऱ्या दातांच्या डॉक्टरासाठी आहे.

सहल ठरवताना कॅप्टन फोनवर दोन गोष्टी विचारतो: वजन किती आणि गुडघे कसे आहेत. गिऱ्हाइकाला वाटतं, आरोग्याची चौकशी आहे, केवढा आपुलकीचा माणूस! वजन विचारायचं कारण झाडाला लावलेलं ॲल्युमिनियमचं मचाण, आणि त्याहूनही, चिखलातून ओढून काढायची वेळ आली तर किती हात लागतील याचा हिशेब. कोकणातल्या खाजणात ओहोटीला उतरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गवताच्या मुळांच्या गाठोड्यांवर पाय द्यायचा. काळं, गुळगुळीत, सपाट दिसेल तिथे द्यायचा नाही. शहरी माणूस हमखास सपाट जागा निवडतो. मग मांडीपर्यंत आत जातो. पाय निघतो, बूट राहतो. कॅप्टन ओरडत नाही, हसत नाही. शांतपणे हात देतो आणि पहिल्या वर्षी आपला सुद्धा बूट गेला होता असं सांगतो. बहुधा गेला नसावा. पण याला म्हणतात गिऱ्हाईक सांभाळणं.

एखादा फारच कुरकुर करू लागला तर मात्र कॅप्टन हॅरिएट टबमनची गोष्ट काढतो. ती याच काउंटीत, 1822 च्या सुमारास, गुलामगिरीत जन्मली. पोरवयात तिला मस्करॅटचे सापळे तपासायला याच दलदलीत, गार पाण्यात उतरवत असत. स्वतः निसटल्यावर ती परत परत मागे आली आणि सुमारे तेरा खेपांत सत्तरेक माणसं रात्रीच्या अंधारात बाहेर काढून घेऊन गेली. ‘विजेरी नाही, रबरी बूट नाहीत, मागे कुत्रे,’ कॅप्टन म्हणतो. ‘एकही माणूस गमावला नाही. इथली खरी गाइड ती.’ आणि मग तो गिऱ्हाइकाच्या छातीपर्यंतच्या वेडर्सकडे एक नजर टाकतो. पुढचा अर्धा मैल कुणी बोलत नाही.

मी गेलो होतो तो बंदुकीशिवाय, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मागे मागे. न मारण्यासाठी आलेला माणूस बघून कॅप्टन जरा गोंधळला. भारतात हरणाची शिकार कशी होते, त्याने विचारलं. होत नाही, मी म्हटलं. 1972 चा कायदा आहे, काळविटापायी मोठमोठ्या नटांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्याचा प्रश्न लगेच आला: मग तुमच्याकडचे गाइड जगतात कशावर? मी ताडोब्याचं सांगितलं. पहाटे जिप्सीत बसायचं, गाइडने पंजाचा ठसा दाखवायचा, चितळ ओरडलं की गाडी थांबवायची, आणि तीन तास वाघ दिसला नाही की म्हणायचं, ‘आत्ताच गेला साहेब, पाच मिनिटं आधी यायला हवं होतं.’ कॅप्टनचा चेहरा उजळला. परमुलखात अचानक भावकीतला कुणी भेटावा, तसा.

ऑक्टोबरात मात्र कारणांची गरज कमी पडते. माजावर आलेला नर दलदलीत शीळ आणि किंकाळी यांच्या मधला एक आवाज काढतो, चढत्या सुरात, दोनदा-तीनदा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुणी बाई संकटात आहे असं वाटतं. दातांचे डॉक्टर मचाणावरून मेसेज पाठवतात, ‘हे काय होतं?’ कॅप्टन पिकअपमध्ये कॉफी पीत उत्तर देतो, ‘तुमचं हरण.’ तुमचं! एका शब्दात त्या माणसाचे सगळे पैसे वसूल.

आणि समजा गोळी सुटली, लागली. इथून पुढे कॅप्टनची थट्टा करावीशी वाटत नाही. बहुतेक गाइडांचा नियम असतो: रक्त सांडलं की तुमची शिकार झाली, हरण सापडो न सापडो. त्यामुळे नेम धरताना माणूस दोनदा विचार करतो. जखमी सिका गवतात शिरतो, तेव्हा अंधार पडत आलेला असतो आणि खालून भरतीचं पाणी चढत असतं. पाण्यावर माग टिकत नाही. कॅप्टन गवताच्या पात्यांवर, हरणाच्या बरगडीच्या उंचीवर उजेड धरून चालतो. एका पात्यावर मोहरीएवढा डाग, मग वीस पावलं काही नाही, मग वाकलेली एक काडी. रक्त फेसाळ आहे की काळपट यावरून गोळी कुठे बसली ते ओळखतो, आणि त्यावरून आत्ता पुढे जायचं की तासभर थांबायचं ते ठरवतो. या वेळी तो विनोद करत नाही आणि कुणाला करू देत नाही. अर्धमेलं जनावर रात्रभर चिखलात पडून राहणं त्याला सहन होत नाही. पैसे त्याचे आधीच मिळालेले असतात, तरी तो मध्यरात्रीपर्यंत शोधतो.

सापडलं की पुन्हा मूळचा कॅप्टन. हरणाची जीभ आत सारतो, रक्त पुसतो, गिऱ्हाइकाला चार हात मागे बसवतो आणि हरण कॅमेऱ्याच्या अंगाला पुढे ओढतो. फोटोत चाळीस किलोचा सिका एकदम मातब्बर दिसू लागतो. सिकाचं मटण मऊ आणि चवदार, असं सगळेच सांगतात. पण एक वांधा आहे. इथल्या गवतात लोन स्टार नावाची गोचीड असते आणि तिच्या चाव्याने काहींना लाल मांसाची ॲलर्जी जडते. असा माणूस हरण मारू शकतो, खाऊ शकत नाही. पांडूला शाप देणाऱ्या त्या मृगरूपी मुनीलाही एवढं नेमकं सुचलं नव्हतं.

राजकारणावर कॅप्टन बोलत नाही. पाणी चढतंय यावर बोलतो, कारण ते त्याच्या रस्त्यावर येतं. मोठ्या भरतीला इथले काही डांबरी रस्ते पाण्याखाली जातात आणि फोनमधला नकाशा निळ्या रेषेने तुम्हाला सरळ त्यात नेतो. 1933 मध्ये पक्ष्यांसाठी राखलेल्या ब्लॅकवॉटर अभयारण्यातली पाच हजार एकरांहून जास्त दलदल आतापर्यंत उघडं पाणी होऊन गेली आहे. खारं पाणी मुळाशी पोचलेले पाइन वृक्ष उभ्या उभ्या वाळलेत, पांढरे, बिनपानांचे. ‘पाणी वर येतंय की जमीन खाली जातेय?’ वकिलाने एकदा विचारलं. ‘दोन्ही,’ कॅप्टन म्हणाला. शास्त्रज्ञही हेच सांगतात, फक्त अहवाल लिहून.

तुम्ही कधी त्या बाजूला असाल आणि जायचंच ठरवलंत, तर ऑक्टोबर निवडा, परवाना आधी काढा, भरतीचं वेळापत्रक बघून निघा, आणि रात्री अंग नीट तपासून गोचिडी काढा. बक्षिसी रोख द्या. कॅप्टनकडे कार्डाचं यंत्र आहे, पण दलदलीत त्याला सिग्नल मिळत नाही.