सहा उणे सोळा

तुम्हाला म्हणून सांगतो, निवृत्त माणसानं गच्चीत कुंड्या ठेवाव्यात, डहाणू लोकलमध्ये बसून उगाच विरारपर्यंत जाऊन यावं, पण ट्रॉलीच्या टायरला हात लावू नये.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेबखात्यात माझी सगळी नोकरी झाली. आता चिंचणीकडे बायकोच्या माहेरची चिकूची वाडी आहे, तिच्यावर मी देखरेख करतो. वाडीत मिनी ट्रॅक्टर आहे आणि त्याच्यामागे जोडायची दोन चाकांची छोटी ट्रॉली. तिचे टायर झिजलेले नव्हतेच. झिजायला चालावं लागतं. ही बया बारा महिन्यांतले कितीतरी महिने एकाच जागी उन्हात उभी, त्यात समुद्राचा खारा वारा, त्यामुळे नक्षी शाबूत आणि टायरच्या गालांवर मात्र पाच रुपयांचं नाणं उभं राहील अशा भेगा. मेहुणा म्हणाला, "भावोजी, मी आणून टाकतो." मी म्हटलं, "आकड्यांचं काम आहे, माझ्यावर सोड."

टायरवर लिहिलं होतं ६.००-१६. सवयीनं मी वजाबाकी केली. उत्तर उणे दहा आलं. टायर तोट्यात आहे, एवढं माझ्या लक्षात आलं. टायरची रुंदी सहा इंच, आत सोळा इंची डिस्क, आणि मधली रेघ म्हणजे जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर, रेडियल असता तर रेघेच्या जागी 'आर' असता, हे सगळं नंतर कळलं. मला बहुतेक गोष्टी नंतरच कळतात.

त्याआधी मी एका भंगारवाल्याकडून जुन्या मारुती ८०० ची दोन चाकं डिस्कसकट घेऊन आलो. चाकं गोल होती, हवा धरत होती. तुम्हीच सांगा, आणखी काय बघायचं असतं? मेहुण्यानं खाली वाकून टायरचा गाल वाचला, १४५/७० आर १२, ६९ एस. "भावोजी, ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो. दोन्ही मिळून साडेसहाशे. आपण वीस-वीस किलोचे चाळीस क्रेट भरतो, ट्रॉलीचं वजन वेगळंच. आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. चिकू झाडावरून उतरले की पिकायच्या आत वाशी मार्केटला पोचवायचे ठरवलंय का?" शिवाय चाक एवढं लहान झालं की ट्रॉली मागे कलते, माल मागे सरकतो आणि ट्रॅक्टरचं ढुंगण वर उचलतं, असंही तो म्हणाला. मी प्रतिवाद करणार होतो, पण डिस्कला चार भोकं होती आणि ट्रॉलीच्या हबला पाच बोल्ट. वाद मिटला.

मग जुनं चाक काढायला घेतलं. आमच्या वाडीपासून तारापूरचं अणुशक्ती केंद्र काही लांब नाही. १९६९ पासून तिथं अणू फोडून वीज काढतात. इकडे मी गंजलेल्या नटावर खोबरेल ओतलं, रॉकेल ओतलं, कुलदैवताचं नाव घेतलं, शेवटी पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो, पाना सटकला आणि मी शेणखताच्या ढिगात बसलो, तरी नट आपला ढिम्म. मेहुण्यानं पान्याला लोखंडी पाईप लावला, एक हिसका दिला, सुटला. मी उजवीकडे फिरवत होतो.

डिस्क चुकायला नको म्हणून बायकोच्या शिवणाच्या टेपनं माप घेतलं आणि बोईसरला टायरच्या दुकानात ऐटीत सांगितलं, "समोरासमोरच्या भोकांचं अंतर १३३ मिलिमीटर." दुकानातला पोरगा हातातलं ट्यूबचं काम न थांबवता म्हणाला, "काका, पाच भोकांत समोरासमोर कोण येतं?"

सगळी नोकरी आकडे तपासण्यात गेली होती. पाचात समोर कोणी येत नाही हे मला एका ट्यूबवाल्या पोरानं सांगितलं. मग त्यानं समजावलं की शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं आणि १.७ नं गुणायचं. मी पुन्हा वाडीत, पुन्हा टेप, आलं ८२. दुकानात येऊन कॅल्क्युलेटर काढला, गुणाकार चालू असतानाच तो म्हणाला, "साडेपाच इंच. जीपची डिस्क. ट्रॉल्या सगळे जुन्या जीपच्या अ‍ॅक्सलवरच बनवतात." पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, असं विचारलं. "तुम्ही माप सांगत होतात ना, काका."

"किती पीआर देऊ?" म्हटलं, रिटायर झालो बाबा, आता कुणाची पीआर करायची. ती निघाली टायरची ताकद, पूर्वी खरोखरच सुताचे तेवढे थर असायचे. आठ घेतला. टायरच्या अंगावर लंबगोलात २२१७ होतं. ती किंमत समजून, बरा भाव लागला म्हणून मी घासाघीसही केली नाही. घरी आल्यावर मेहुण्यानं कपाळाला हात लावला. तो २०१७ चा बाविसावा आठवडा होता. म्हातारे टायर काढून मी दुकानात उभ्या उभ्या म्हातारे झालेले टायर आणले होते, तेही नव्याच्या भावात. ते तोच जाऊन बदलून आला, आणि नट एकाआड एक असे थोडेथोडे आवळत चाकंही त्यानंच बसवली. माझ्याकडे टॉर्च होता.

चिकू उतरवायच्या दिवशी मी ट्रॉली धुऊन, झेंडूचा हार घालून उभी केली. तेवढ्यात एक अनोळखी टेम्पो वाडीत शिरला. यंदाची वाडी बायकोनं एका व्यापाऱ्याला मक्त्यानं दिली होती. माणसं त्याची, क्रेट त्याचे, गाडी त्याची.

"अगं, मला कधी सांगणार होतीस?"

"अहो, तुम्ही टायरमध्ये होतात," ती म्हणाली, "म्हणून तर यंदा भाव चांगला ठरला."