चार लाख पंचेचाळीस हजार एक

445001 हा यवतमाळच्या मुख्य डाकघराचा पिनकोड आहे आणि ती मूळ संख्याही आहे. म्हणजे 1 आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. पहिली गोष्ट पोस्टाला ठाऊक असते. दुसरीची चौकशी कोणत्याच खिडकीवर होत नाही.

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाले. योजना डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिले तीन अंक वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन डाकघराचे. मूळ संख्या कोणाला द्यावी, याचा नियम योजनेत नाही. वशिल्याला वावच नव्हता. तरी यवतमाळचे काम झाले.

सिद्धता सोपी, पण चिकाटीची आहे. 445001 चे वर्गमूळ 667 च्या किंचित पुढे जाते, म्हणून तिथवरच्या 121 मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. 2 आणि 5 दारातूनच परततात. अंकांची बेरीज 14, म्हणून 3 ही बाद. 89 सर्वांत जवळ पोचतो: 89 × 5000 = 445000. लग्नाची बोलणी एका रुपयावरून मोडावीत तशी बाकी 1 उरते. शेवटचा 661, तो 148 बाकी ठेवून निघून जातो.

इतरांना हे जमलेले नाही. मुंबईच्या 400001 ला आणि वर्ध्याच्या 442001 ला 7 ने भाग जातो. उपराजधानी नागपूरच्या 440001 ला 3 नेच काय, 9 नेही जातो. चंद्रपूर व नांदेड 3 ला शरण आहेत. वाशीमच्या 444505 चा निकाल शेवटचा अंक पाहूनच लागतो. विभागाचे मुख्यालय अमरावती 17 पर्यंत तग धरते. पुसद जिल्हा वेगळा करावा ही मागणी जुनी आहे. पुसदचा 445204 सम असल्याने विभाजनाला केव्हाही तयार आहे. यवतमाळच्या आकड्याला मात्र विभाजन मान्य नाही.

बेरजेला त्याची हरकत नाही. 4 ने भागल्यास 1 बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते, असे फर्माने सांगितले आणि ऑयलरने सिद्ध केले. इथे ती मांडणी 515² + 424². वाटणीचा एकच तोडगा निघणे महसुली प्रकरणांत दुर्मीळ आहे.

जोडमूळ होण्याचे भाग्य मात्र नाही: 444999 ला 3 ने भाग जातो, 445003 ला 13 ने. शिवाय या टापूत सरासरी दर 13 संख्यांमागे एक मूळ निघते, तेव्हा फार मिरवण्याचे कारण नाही. 2024 मध्ये सापडलेल्या 2¹³⁶²⁷⁹⁸⁴¹ − 1 या मूळ संख्येत 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंक आहेत. ती पाकिटावर मावणार नाही.

वाचकांनी आपापला पिनकोड तपासून पाहावा. अंकांच्या बेरजेला 3 ने भाग गेला, तर पुढचे कष्ट वाचतात.