सोवळ्यातला गरवणारा

कोकणात खाडीच्या कडेला गरवायला बसलेल्या माणसाला “काय मिळालं?” असं विचारलं, तर तो पिशवीचं तोंड उघडून दाखवतो. प्रश्न माशाचा, उत्तरही माशाचं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून मोंटानात उतरणाऱ्या मॅडिसन नदीत ऑक्टोबरच्या अखेरीस कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या गृहस्थाला हाच प्रश्न विचारला, तर तो आधी पाण्याचं तापमान सांगतो. मग आभाळ कसं होतं ते सांगतो. मग दुपारी दीडच्या सुमाराला पाण्यावर कुठले किडे उठले, किती वेळ उठले आणि काल त्याच वेळी ते का उठले नव्हते, हे सांगतो. माशाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही परक्या घरच्या लग्नासारखा. पिशवी त्याच्याजवळ नसतेच; पकडलेला मासा तो सोडून देतो. एवढ्यावरून लोक त्याला निसर्गप्रेमी म्हणतात, खेळाडू म्हणतात, बायकोला विचारलं तर आणखी काही म्हणते. माझ्या मते तो सोवळं पाळणारा माणूस आहे. जुन्या घरांतून सोवळं हद्दपार झालं तेव्हा ते कुठे गेलं असेल, असा प्रश्न कुणाला पडला असेल, तर ते रबरी विजार चढवून ट्राउट माशाच्या नदीत उभं आहे.

पुरावा त्याच्या सामानातच आहे. साध्या गळाला आमिष लागतं, जडशीळ शिसं लागतं. ते भिरकावलं की जातं. याच्या गळाला लावलेली माशी म्हणजे आकड्यावर दोऱ्याने बांधलेली चार पिसं. तिला वजनच नाही, ती फेकणार कशी? म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं, आणि ती दोरी डोक्यावरून पुढे-मागे खेळवत पाण्यावर अलगद उतरवायची असते. ही कला साधायला वर्षं जातात आणि तोवर मागच्या झुडपांना बऱ्याच माश्या लागतात. आकड्यांचं अंकगणितही उलटं: नंबर जितका मोठा तितका आकडा लहान. शरद संपता संपता ढगाळ दुपारी जे करडे-हिरवट किडे उठतात, त्यांची नक्कल वीस नंबरच्या आकड्यावर बांधावी लागते. ती तांदळाच्या दाण्याएवढी होते. तिला जोडायचा धागा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा जाड. आता हे चित्र जवळून बघा. हवा शून्याच्या आसपास, बोटं बधिर, चष्म्यावर वाफ, आणि हा पन्नाशीचा माणूस नाकाच्या टोकाशी दाणा धरून त्याच्या नेढ्यात धागा ओवतो आहे. ओवला जातो, गाठ बसते, ती ओली करायला तो तोंडाशी नेतो, आणि तेवढ्यात गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरलेला त्याला दिसतो. मग तो काठी पाण्यात बुडवतो, नाहीतर सरळ कडी तोंडात धरून बर्फ चोखून काढतो. बाजारात ट्राउट विकत मिळतो, हे त्याला माहीत असतं.

त्या माशीत काय काय असतं? कोंबड्याच्या मानेवरची पिसं, सांबराच्या अमेरिकन भाऊबंदाचे म्हणजे एल्कचे केस, सशाच्या कानाची लव, मोरपिसाचा तंतू. भारतातल्या कोंबड्यांच्या मानांचाही या धंद्यात मोठा खप होता. एक मासा न खाण्यासाठी चार प्राण्यांची सामग्री लागते, असा हा शाकाहार.

या पंथाला शास्त्रं आहेत आणि शास्त्रार्थही आहेत. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थाने १८८६ आणि १८८९ साली दोन ग्रंथ लिहून तरंगती माशीच शुद्ध, ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावी आणि वर येऊन खाणारा मासा आधी डोळ्यांनी पाहूनच टाकावी, हा दंडक घालून दिला. पुढे जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० साली दाखवून दिलं, की ट्राउट बरंचसं खाणं पाण्याखालीच खातो, तेव्हा बुडणारी माशी वापरायला हरकत नाही. मासे त्याच्या बाजूने होते, पण माशांचं मत विचारतो कोण? १९३८ साली, हॅलफर्ड जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात बुडत्या माशीच्या पावित्र्यावर रीतसर वादसभा भरली. युरोप महायुद्धाच्या उंबऱ्यावर होता. पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर की खाली, यावर सभ्य माणसांनी एवढं तापावं, हे मराठी वाचकाला कळायला अवघड नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर आपल्याकडे पिढ्या गेल्या आहेत.

पण सोवळ्याचा खरा कस शरदाच्या शेवटी लागतो. मॅडिसनच्या खालच्या अंगाला हेबगन तलाव आहे. त्यात उन्हाळाभर माजलेले ब्राउन ट्राउट पाणी गार होऊ लागलं की अंडी घालायला नदीत चढतात. मादी उथळ पाण्यात शेपटीने गोटे झाडून खळगा करते; आसपासच्या शेवाळलेल्या तळात तो फिकट, धुतल्यासारखा दिसतो. त्या खळग्यावर पाय ठेवायचा नाही, तिथल्या माशावर गळ टाकायचा नाही. आमचा माणूस असा खळगा दिसला की वळसा घालून जातो, अगदी वाळत घातलेल्या सोवळ्याला वळसा घालावा तसा, आणि जो घालत नाही त्याच्याविषयी संध्याकाळी हलक्या आवाजात बोलतो. माशाला हात लावायचा तर हात आधी ओला करायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आकड्याला उलटा काटा नसावा. बुटाला नमद्याचा तळ नसावा, कारण न्यूझीलंडहून आलेली इवलीशी चिखली गोगलगाय त्यात लपून एका नदीतून दुसरीत जाते. उद्यानाने असे तळ वर्ज्यच केले आहेत. सोवळ्याला विज्ञानाचा इतका भक्कम आधार क्वचितच मिळाला असेल. मॅडिसनवरच्या बार्न्स नावाच्या डोहांवर तर चक्क दर्शनबारी लागते. माणसं एकामागे एक पाण्यात उभी राहतात. एकदा गळ टाकायचा, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा टाकायचा, आणि डोहाच्या शेवटी पोचलं की बाहेर येऊन पुन्हा रांगेच्या शेपटाशी. रेंगाळणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. फक्त मागून एक खाकरणं ऐकू येतं.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळं ढोंग आहे. वर्षातले सगळ्यात मोठे मासे याच दिवसांत नदीत असतात, म्हणून हा येतो. आक्षेपात तथ्य आहे. सोडून देण्याआधी माशाचा फोटो निघतो, आणि त्यात दोन्ही हात कॅमेऱ्याकडे इतके पुढे ताणलेले असतात, की माशाची लांबी आणि खांद्याचं दुखणं एकदमच कळावं. पण मोठा मासा सहज मिळायला हवा असता, तर त्याने हे दिवस निवडले नसते. वर चढणाऱ्या ब्राउन ट्राउटचं खाण्यात लक्ष नसतं. तो गळ धरतो तो बहुधा चिडून, आपल्या हद्दीत कोण आलं म्हणून. गार पाण्यात त्याच्या अंगाची भट्टीही मंदावलेली असते. म्हणजे मासा भुकेला नाही, माणूस भुकेला नाही, आणि दोघांच्या मध्ये पिसाची माशी. हा व्यवहार लोभाने समजत नाही. एकादशीला साबुदाणा तुपात परतणारा माणूस भुकेसाठी परततो की व्रतासाठी, असं विचारलं तर तो जसा गप्प बसेल, तसा हाही बसतो.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: खायचा नाही तर जिवाला त्रास कशाला? स्वित्झर्लंडच्या कायद्याला हा प्रश्न इतका पटला, की सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरणं तिथे मना आहे. आमच्या माणसाकडे याला उत्तर असतं. सोडलेले बहुतेक मासे जगतात, आणि सोडण्याची रीत पडली म्हणून नदीत मासे उरले. ते खोटं नाही. पण प्रश्न नदीचा नव्हता, त्या एका माशाचा होता. इथे मी त्याची वकिली करणार नाही. एवढंच म्हणेन, की ओवळं झालं की काय ही शंका सोवळ्यातल्या माणसाला जितकी छळते तितकी इतर कोणाला छळत नाही, आणि मासा हातातून निसटून खोल पाण्यात दिसेनासा होईपर्यंत हा गृहस्थ थंड पाण्यात वाकून ज्या चेहऱ्याने बघत राहतो, तो चेहरा विजयाचा नसतो.

उरला निसर्गाचा मुद्दा. ज्याच्यासाठी हे सगळं व्रत, तो ब्राउन ट्राउट मुळात इथला नव्हेच. १८८३ साली जर्मनीहून त्याची अंडी न्यूयॉर्कला आली आणि १८९०च्या सुमाराला तो यलोस्टोनच्या नद्यांत सोडला गेला. त्याचेच भाऊबंद इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर काश्मीरला आणले आणि मग ते हिमाचलात पोचले. मनालीला सहलीला गेलेलं मराठी कुटुंब ज्याला “इथला मासा” म्हणून कौतुकाने खातं, तो ट्राउटही तिथला नव्हेच. पण मूर्ती कुठल्या दगडाची, हे पुजाऱ्याला विचारून उपयोग नसतो.

पहिला जाड बर्फ पडला की उद्यानातला हंगाम बहुधा बंद झालेला असतो. मग तो घरी टेबलाशी दिवा ओढून, चिमट्यात आकडा धरून पुढच्या वर्षाच्या माश्या बांधतो. पेटीत गेल्या साली बांधलेल्या आहेत. त्यातल्या अर्ध्यांनी पाणी पाहिलेलं नाही. डिसेंबरात ती पेटी भरते. जानेवारीत तो दुसरी विकत आणतो.