थेट मुद्द्यावर या

‘सहज केला होता फोन’ असं म्हणून आलेला एकही फोन मला आजवर सहज सुटू देत नाही. आधी पावसाची चौकशी होते, मग माझ्या गुडघ्याची, मग ज्याचं नाव समोरच्याला आठवत नाही अशा माझ्या मुलाची. ‘आणि काय म्हणताय?’ हे अधूनमधून येतच असतं. मी काहीच म्हणत नसतो. फोन त्यांनी केलेला असतो. शेवटी ‘बरं, ठेवू?’ झाल्यावर येतं, ‘अहो, एक छोटंसं काम होतं.’ छोटंसं काम म्हणजे भाच्याला नोकरी.

त्यांचा तरी काय दोष? आपल्याला शाळेतच हे वळण लावलं. मामाला पत्र लिहायचं तर आधी तीर्थस्वरूप, मग साष्टांग नमस्कार, वि. वि., मग इकडील सर्व क्षेम, आणि मग कुठे ‘पत्रास कारण की’. तोवर मामाचा चष्मा दोनदा पुसून होई. पेशवाईतल्या पत्रांतही ‘बहुत काय लिहिणे’ येतं ते बहुत लिहून झाल्यावरच.

आपण मुद्द्याचं बोललो ते फक्त जागा किंवा पैसे संपले तेव्हा. १८७९ साली आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. त्या टीचभर जागेत बसत नाही म्हणून आमची आजी समासात आडवं लिहायची आणि पत्त्याच्या कडेनेही दोन निरोप घुसवायची. कार्ड हातात गरागरा फिरवत वाचावं लागे. तारेला मात्र शब्दागणिक पैसे. तिथे सगळेच शहाणे होत. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ यात गुडघ्याची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. वाईट बातमीच्या कार्डाचा तर नुसता कोपरा फाडलेला असे, वाचायच्या आधीच कळे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, शब्द फुकट झाले, आणि आता मोबाइलवर सकाळी नुसतं ‘हाय’ येतं. पुढचं संध्याकाळपर्यंत येत नाही. दिवसभर माझाच जीव टांगणीला.

यावर कुणीतरी हमखास पुण्याच्या पाट्या दाखवतं. मला ते कौतुक पटत नाही. भिंतीवर लिहायला धैर्य लागत नाही, भिंत उलट बोलत नाही. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ असं फाटकावर रंगवणारे आमचे शेजारी मला दिलेली शिडी परत मागायला आले, तेव्हा चहा झाला, पोहे झाले, नदी सुधारणेवर सखोल चर्चा झाली. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, ‘शिडी लागत नसेल तर... म्हणजे घाई नाही.’ आपला फटकळपणा अनोळखी माणसांसाठी राखीव आहे. ओळखीच्या माणसाकडे काही मागायचं झालं की आपण सगळे पेशव्यांचे कारकून.

म्हणून मी नातेवाइकांत आणि मित्रांत जाहीर करून टाकलं, की माझ्याशी थेट बोला, राग येणार नाही. लोक इतके तयारीत असतील याची कल्पना नव्हती. धाकटी बहीण म्हणाली, ‘दादा, तुझे लेख मी पहिल्या परिच्छेदानंतर सोडते.’ एका संपादकांनी कळवलं, ‘शेवट काढला. नव्हताच.’ बायकोला ही परवानगी आधीही लागत नव्हती, त्यामुळे घरात काही बदल जाणवला नाही. भाच्याच्या मामांचा पुन्हा फोन आला. ‘नोकरी लावतोस का?’ ‘नाही.’ ‘बरं.’ संपलं! त्यानंतर आमचं नातं सुधारलं, कारण आता ते खरोखरच सहज फोन करतात.

खरखरीत बोलणं अंगाला लागतं, नाही असं नाही. पण ते एकदाच लागतं. गोड बोलण्यातला मतलब शोधत बसण्यात अख्खी दुपार जाते आणि शेवटी सापडते ती शिडीच.

तेव्हा वाचकहो, हा लेख आवडला नसेल तर एका ओळीत कळवा. आवडला असेल तर मात्र सविस्तर लिहिलंत तरी चालेल.